लॅपटॉप सारखा बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी त्याचा पंचनामा करा

दुकानात लॅपटॉप नेला की तो उघडायच्या आधीच 'फॉरमॅट मारून बघू' हे वाक्य येतं. पण विंडोज नव्याने टाकून बरा होतो तो विंडोजमधला किंवा ड्रायव्हरमधला (हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्राममधला) बिघाड. रॅम खराब असेल, एसएसडी शेवटच्या घटका मोजत असेल किंवा पंख्यापुढे धुळीचा थर बसला असेल, तर फॉरमॅटनंतर चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय बिघाडाच्या सगळ्या नोंदी तोवर पुसल्या गेलेल्या असतात. म्हणून आधी पंचनामा, मग दुरुस्ती. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. प्रोग्राम आणि मेनूंची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. स्टार्टमध्ये शोधताना ती इंग्रजीत टाइप करा.

हात लावण्याआधी दोन कामं

पहिलं, बॅकअप. दोष डिस्कचा असेल तर ती पुढच्या वेळी सुरू होईलच याची खात्री नसते. फोटो, कामाच्या फायली, टॅलीचा डेटा, जे काही पुन्हा मिळणार नाही ते आज बाहेरच्या डिस्कवर घ्या.

दुसरं, बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलुपाची, किल्ली. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप कूटबद्ध झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंग्जमध्ये) काही बदललं किंवा मदरबोर्ड बदलला की स्क्रीनवर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात उपकरणांच्या यादीखाली सापडते. कागदावर उतरवून ठेवा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर किल्ली तिथल्या आयटी विभागाकडे असते.

आता एक साधी वही घ्या. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, स्क्रीनवर काय दिसलं आणि चार्जर लावलेला होता का, एवढं लिहायचं. यातला शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी ठरतो, आणि नेमका तोच कुणी लिहीत नाही.

'बंद पडतो' म्हणजे नेमकं काय होतं?

याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींच्या वाटा वेगळ्या.

एकात निळी स्क्रीन येते, विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत काळी, आणि थोड्या वेळात लॅपटॉप पुन्हा सुरू होतो. इथे विंडोजला चूक कळली आणि त्याने स्वतःच काम थांबवलं, म्हणजे त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. दुसऱ्यात कसलाही संदेश न येता, मेन स्विच पाडल्यासारखा लॅपटॉप गपकन मरतो. इथे उष्णता, चार्जर, बॅटरी, मदरबोर्ड असा क्रम धरायचा. तिसऱ्यात सगळं गोठतं: माऊस हलत नाही, आवाज एकाच ठिकाणी अडकून घरघरतो. अशा वेळी कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा चालू-बंद होत असेल तर यंत्रणा आतून जिवंत आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. स्क्रीन परत आली तर संशय ग्राफिक्सवर. दिवाही थिजला असेल तर दोन-तीन मिनिटं थांबून मगच पॉवर बटण दाबून धरा.

निळी स्क्रीन वाचायच्या आत निघून जात असेल तर तिला थांबवा. स्टार्टमध्ये 'व्ह्यू अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा, स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्जमध्ये जा आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढा. तिथेच डंपचा, म्हणजे बंद पडतानाच्या मेमरीच्या नोंदीचा, प्रकार 'स्मॉल मेमरी डंप' ठेवा. वेग वाढवण्याच्या नादात कुणी सी ड्राइव्हवरची पेज फाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज वापरतं ती) बंद केली असेल तर ती परत चालू करा. तिच्याशिवाय डंप लिहिला जात नाही.

नोंदवही विंडोजकडे आधीपासून असते

सुरुवात 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी'पासून करा. तारखांचा एक आलेख दिसतो आणि बिघाडाच्या दिवशी लाल फुली असते. पहिली फुली कोणत्या दिवशी पडली आणि त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत काय इन्स्टॉल झालं, हे बघा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद सगळ्यांनाच सापडते आणि सगळेच तिला कारण समजतात. ती एवढंच सांगते की मागच्या वेळी यंत्र नीट बंद झालं नव्हतं. तिच्या डिटेल्समध्ये 'बगचेककोड' असा आकडा असतो, तो महत्त्वाचा. तिथे शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आत सगळं संपलं, म्हणजे वरचा दुसरा किंवा तिसरा प्रकार. शून्य नसेल तर तो निळ्या स्क्रीनचाच कोड, फक्त दशमान पद्धतीत लिहिलेला. स्क्रीनवर आणि इतरत्र तोच षोडशमान पद्धतीत दिसतो, म्हणून पुढे दोन्ही रूपं दिली आहेत.

२६, म्हणजे १ए, मेमरी मॅनेजमेंट: आधी रॅम. १० म्हणजे ए आणि २०९ म्हणजे डी१: बहुतेक वेळा ड्रायव्हर, आणि स्क्रीनवर फाइलचं नाव दिसलं तर तेच टिपून घ्या. १२२, म्हणजे ७ए: डिस्कवरून वाचता आलं नाही. २३९, म्हणजे ईएफ: विंडोजची जीवनावश्यक प्रक्रिया मेली, इथे डिस्क आणि सिस्टिम फायली दोन्ही तपासायच्या. २७८, म्हणजे ११६: ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा तापलेली ग्राफिक्स चिप. १५९, म्हणजे ९एफ: झोपेतून उठताना किंवा झोपताना अडलेला ड्रायव्हर, बऱ्याचदा वाय-फायचा. ३०७, म्हणजे १३३: स्टोरेजचा ड्रायव्हर किंवा एसएसडीचं फर्मवेअर (तिच्या आतला स्वतःचा प्रोग्राम). आणि २९२, म्हणजे १२४, व्हीया (विंडोजची हार्डवेअरच्या चुका नोंदवणारी यंत्रणा): इथे तक्रार खुद्द हार्डवेअरने केली आहे. उष्णता, कमी केलेलं व्होल्टेज, प्रोसेसर, क्वचित एसएसडीची जोडणी.

एका कोडपेक्षा कोडांचा पॅटर्न जास्त बोलतो. दर वेळी तोच कोड आणि तीच फाइल, तर ड्रायव्हर. दर वेळी नवा कोड, नवी फाइल, कसलाच मेळ नाही, तर रॅम.

४१ च्या नोंदीआधीच्या दोन-तीन मिनिटांत काय लिहिलंय तेही वाचा. 'व्हीया-लॉगर', 'डिस्क' नावाखाली ७ किंवा १५३, स्टोरेज ड्रायव्हरच्या नावाखाली १२९, 'एनटीएफएस' खाली ५५ यांपैकी काही दिसलं तर बोट हार्डवेअरकडे जातं.

डंप फायली सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमधल्या मिनिडंपमध्ये साठतात. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विनडीबीजी हा डंप वाचणारा प्रोग्राम मोफत घ्या, फाइल उघडा आणि खालच्या ओळीत उद्गारचिन्ह, लगेच जोडून अ‍ॅनलाइझ, मग जागा सोडून वजाचं चिन्ह आणि व्ही असं टाइप करा. निकालात इमेज नेमच्या पुढे फाइलचं नाव येतं. ते नाव एनटीओएसकर्नल, म्हणजे विंडोजचा गाभाच, असेल तर त्याच्या मागे लागू नका. प्रेत ज्याच्या घरात सापडलं तोच खुनी असतो असं नाही. कर्नल फक्त घरमालक आहे.

एकच फाइल किती गोंधळ घालू शकते याचं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रणालीची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या स्क्रीनवर अडकली. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यावरचा उपाय फॉरमॅट नव्हता: सेफ मोडमध्ये (मोजक्या ड्रायव्हरांवर सुरू होणाऱ्या विंडोजमध्ये) जाऊन ती एक फाइल उडवायची होती.

उष्णता: सगळ्यात आधी हिलाच धरा

दहा-वीस मिनिटं गेम किंवा व्हिडिओ कॉल चालला की लॅपटॉप मरतो, लगेच सुरू केला तर आणखी लवकर मरतो, अर्धा तास ठेवला की पुन्हा बरा. ही उष्णतेची सही आहे.

एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम फक्त सेन्सर्स मोडमध्ये उघडा आणि नोंद फाइलमध्ये लिहायला लावा, म्हणजे मरतानाचा शेवटचा आकडा हाती राहतो. शांत असताना ४० ते ६० अंश ठीक. भाराखाली ९५ ते १०० च्या आसपास बरेच प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतात आणि त्यानेही भागलं नाही तर वीज तोडतात. आता प्राइम९५ या प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या प्रोग्राममध्ये 'स्मॉल एफएफटी' चाचणी १५ मिनिटं लावा, पण समोर बसून. चाचणी सुरू होताच काही सेकंदांत आकडा ९५ वर उडाला आणि थांबवताच धाडकन खाली आला, तर चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता खेचणारा धातूचा भाग) यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट टेकत नाही. पाच-दहा मिनिटांत हळूहळू चढत गेला, तर हवा अडली आहे: पंखा किंवा जाळी.

मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे खोलीतच ४० अंश असतील तर पंखा आत ४० अंशांचीच हवा ओढणार. हिवाळ्यात निभावून गेलेली वाळकी पेस्ट तेव्हा उघडी पडते. गादीवर ठेवून वापरला की खालची जाळी बंद होते, हे वेगळं सांगायला नको. पण लोक उशीही वापरतात.

सफाई करायची तर आधी वॉरंटीच्या अटी बघा. मग शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा. फास्ट स्टार्टअप चालू असताना साधं शट डाउन पूर्ण नसतं. चार्जर काढा. मागच्या झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर झाकणाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो बोर्डात घुसतो. झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढण्याचं, तेही प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने. मग पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा.

पंख्यात हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. खरी धूळ मात्र पात्यांवर नसते. ती पंखा आणि हीटसिंकच्या पत्र्यांच्या मध्ये नमद्यासारखी थापलेली असते. बाहेरून ब्लोअर मारला तर ती आणखी आत दबते. पंख्याचे दोन-तीन स्क्रू काढून तो थर चिमट्याने सोलून काढावा लागतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या नळीला स्थिर विद्युत साठते.

पेस्ट बदलताना हीटसिंकच्या स्क्रूंजवळ छापलेले आकडे बघा. काढताना उलट्या क्रमाने, बसवताना १ पासून, आणि प्रत्येक वेळी अर्धा-अर्धा फेराच. एकदम पिळलं तर उघडी चिप कोपऱ्यात तडकते. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. डेस्कटॉपला मध्यभागी एक थेंब पुरतो, पण लॅपटॉपची चिप उघडी असते, तिचा प्रत्येक कोपरा झाकला गेला पाहिजे. तांदळाच्या एक-दोन दाण्यांएवढी पेस्ट घेऊन पातळ पसरा.

बाजूच्या मेमरी चिपांवर मऊ पॅड असतात, ते फाटू देऊ नका. बदलायचे झाले तर त्याच जाडीचे घ्या. पॅड अर्धा मिलिमीटर जास्त जाड निघाला तरी हीटसिंक प्रोसेसरवरून उचलला जातो आणि सफाईनंतर तापमान वाढतं, मग माणूस पेस्टला दोष देत बसतो. पॅडच्या जागी पेस्ट चालत नाही, फट भरत नाही. आत चांदीसारखा चमकणारा पातळ धातू दिसला तर तो द्रवधातू आहे. तो वीजवाहक असतो, त्याला घरी हात लावू नका.

वीज, चार्जर, बॅटरी

वहीतला चार्जरचा रकाना आता कामाला येतो.

फक्त बॅटरीवर असताना, ३०-४० टक्के शिल्लक दाखवत असतानाच मरत असेल तर बॅटरी. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि पॉवरसीएफजी, जागा, तिरकी रेघ, बॅटरीरिपोर्ट असं जोडून टाइप करा. तयार झालेल्या अहवालात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी असतात. आजची निम्म्याखाली गेली असेल तर बदला. लाइट जाते त्याच क्षणी लॅपटॉपही जातो, हेही त्याचंच लक्षण: बॅटरी भार उचलत नाही. टचपॅड वर आलाय, क्लिक घट्ट झालंय, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतोय, असं असेल तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तिथेच थांबवा. दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच द्या.

फक्त चार्जरवर, तेही जड काम करताना मरत असेल तर चार्जरचं लेबल वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर मूळ चार्जरएवढे किंवा जास्त. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॉट. ज्या लॅपटॉपला १५० वॉट लागतात त्याला हा कसाबसा चालवेल, पण गेम सुरू झाला की मान टाकेल. काही लॅपटॉप चार्जरच्या पिनेतल्या मधल्या बारीक तारेवरून तो ओळखतात. ती वाकली की चार्जिंग बंद आणि वेग एकदम कमी.

चार्ज होताना धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणजे अर्थिंग मिळत नाही. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. इलेक्ट्रिशियनला मीटर लावून बघायला सांगा.

रॅम

विंडोजची स्वतःची मेमरी चाचणी झटपट होते, पण ती पास झाली म्हणजे रॅम निर्दोष असं नाही. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर घ्या आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करून चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. १६ जीबीला काही तास लागतात, रात्रभर लावून ठेवलेलं बरं. एक जरी चूक दाखवली तरी निकाल लागला. 'एकच तर आहे' असं इथे चालत नाही.

दोन पट्ट्या असतील तर एकेक ठेवून चाचणी घ्या आणि मग स्लॉट बदला. चूक पट्टीबरोबर फिरते की स्लॉटपाशी थांबते, हे बघायचं. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत कित्येकदा पट्टी चांगली असते आणि सोनेरी कडाच मळलेल्या असतात. पेन्सिलच्या खोडरबरने हलक्या हाताने घासा आणि वर अल्कोहोल फिरवा. बसवताना पट्टी तिरकी, साधारण ३० अंशांत आत सरकवा, सोनेरी कड जवळपास दिसेनाशी होईपर्यंत. मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपांचा टक्‌ असा आवाज आला पाहिजे. रॅम मदरबोर्डवरच डकवलेली असेल तर घरी करण्यासारखं काही नाही.

एसएसडी आणि हार्ड डिस्क

डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम उघडा. वर 'गुड' लिहिलंय म्हणून बंद करू नका, खालचे आकडे वाचा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये ०५, सी५ आणि सी६ या ओळी शून्यावर हव्यात. सी५ वाढत असेल तर ती डिस्क संपली. सी७ वाढत असेल तर डिस्कपेक्षा तिची केबल तपासा. एनव्हीएमई (नव्या, वेगवान प्रकारच्या) एसएसडीमध्ये 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' शून्य हवं. 'अनसेफ शटडाउन्स' मोठा दिसला तर घाबरू नका, तो तुमच्याच बंद पडण्याचा हिशेब आहे.

चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क तपासण्याच्या कमांडच्या बाबतीत घाई नको. आधी फक्त स्कॅनचा पर्याय. आरचा पर्याय प्रत्येक सेक्टर वाचतो, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तोच ताण शेवटचा ठरू शकतो. बॅकअप नसेल तर तो चालवूच नका.

ड्रायव्हर आणि विंडोज

आधी काढायच्या गोष्टी: बाहेरचा अँटिव्हायरस, व्हीपीएन, पंख्याचा वेग किंवा व्होल्टेज बदलणारे प्रोग्राम, आणि 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची सगळी सॉफ्टवेअर. ड्रायव्हर फक्त लॅपटॉपच्या मॉडेलच्या अधिकृत पानावरून घ्या. बिघाड एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे. एका वेळी एकच बदल, मग दोन दिवस वाट. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

सिस्टिम फायलींसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ, ते संपल्यावर एसएफसी /स्कॅननाऊ. एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फायली घेतो तो साठाच डीआयएसएम दुरुस्त करतो, म्हणून हा क्रम.

ड्रायव्हर व्हेरिफायर हे शेवटचं हत्यार. तो संशयित ड्रायव्हरला मुद्दाम डिवचून लॅपटॉप पाडतो. आधी रिस्टोअर पॉइंट (गडबड झाली तर जिथे परतता येईल अशी नोंद) करा, मायक्रोसॉफ्टचे सोडून बाकीचे ड्रायव्हरच निवडा आणि एक-दोन दिवसांत बंद करा. लॅपटॉप सुरूच होईना तर सेफ मोडमध्ये व्हेरिफायर /रीसेट.

तरीही कळत नसेल तर

८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबुंटू घ्या, त्यावरून सुरू करा, 'ट्राय' निवडा, चुकूनही 'इन्स्टॉल' नको. तीन-चार तास व्हिडिओ आणि ब्राउझर चालू ठेवा. तिथेही बंद पडला तर विंडोज निर्दोष सुटलं. नाही पडला तर दोष विंडोजचा किंवा एसएसडीचा, कारण या चाचणीत एसएसडी जवळपास वापरलीच जात नाही. तिचे आकडे स्वच्छ असतील, तर आता फॉरमॅट खुशाल मारा, आणि 'रीसेट'ऐवजी पेन ड्राइव्हवरून कोरं विंडोज टाका.

उरतो मदरबोर्ड. चहा-पाणी सांडल्याचा इतिहास असेल तर तो लपवू नका, दुरुस्ती करणाऱ्याला गंज कुठे शोधायचा ते कळतं. चिप गरम करून 'चालू करून देतो' म्हणणाऱ्याचं काम बहुधा थोडे दिवस टिकतं. लॅपटॉप देताना शक्य असेल तर एसएसडी काढून घरी ठेवा, वहीच्या पानांची झेरॉक्स सोबत द्या, आणि पावतीवर 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' असं लिहून सही घ्या.